चार काजं

उद्यमबागेत, दस्तगीर मेस्त्रींच्या पत्र्याखाली
सकाळपासून माझी पिकअप उभी आहे
मागचा फाळका पाडून,
दाढ दाखवायला आ केलेल्या माणसासारखी.

रॅक तयार. दीड इंची चौकोनी पाईप,
रेड ऑक्साईडचा एकच हात, तोही ओला.
वर जायचेत जांबोटीचे बांबू,
वाळपईच्या मांडववाल्याला.
खाली राकसकोपची रताळी.
रताळ्याला पाणी लागलं
की तिसऱ्या दिवशी पोतं न उघडताच कळतं.
म्हणून कापड.

कापड मालनअक्कानं शिवलंय,
शहापुरातल्या तिच्या पायमशीनवर,
दुहेरी शिवण, कडेनं पितळी रिंगा.
रात्री अकरापर्यंत मशीन चालायची
आणि खालचे भाडेकरू छताला काठी मारायचे.

भांडण एका कडेचं आहे.
फाळक्यावरची दोन बोटं रुंद पट्टी:
कापडाच्या हुकांना तीच हवी,
रॅकच्या पायांनाही तीच.
कापड म्हणतं, आधी मी आलो.
लोखंड म्हणतं, वजन कोण घेणार?
आमच्या भागातल्या माणसाला
असलं भांडण समजावून सांगावं लागत नाही.

ईराण्णा ड्रिल घेऊन चढला.
"तूतु हाकली काय ओ?"
अर्धं कन्नड, अर्धं मराठी,
भोक मात्र पुरंच पडणार होतं.
मेस्त्री म्हणाले, नको, पत्रा गंजेल.
त्यापेक्षा कापडच कापू चार कोपऱ्यांत.
त्यांनी कात्री मागवली
आणि मी बाहेर जाऊन फोन लावला.

अक्का आली भाच्याच्या स्कूटीवरून,
गळ्यात टेप, चष्मा कपाळावर.
कुणाशी बोलली नाही.
वाकून चारही पाय हातानं चाचपले,
म्हशीचे बघावेत तसे,
कापडावर खडूनं चार खुणा केल्या
आणि मग म्हणाली,
"मेस्त्री, बटण लावायचं म्हणून
शर्ट फाडता काय ओ तुम्ही?"

काज.
लोखंडाच्या पायाला काज.

दस्तगीर हसले नाहीत.
खिशातली पट्टी काढून पुन्हा सगळं मोजलं.
"मग पाय बोटभर उचलतो," म्हणाले,
"कापडाला सरकायला जागा पाहिजे."
ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापल्या,
पायांखाली एकेक.
आणि कुणी न सांगता
कानस घेऊन बसले,
चारही पायांच्या धारा मोडत,
दोरा तुटू नये म्हणून.

अक्का एका मोडक्या जीपच्या सीटवर बसली,
मेण लावलेला दोरा, गोणी शिवायची सुई.
ठिणगी उडेल म्हणून वेल्डिंग बंद.
त्या शेडमध्ये पहिल्यांदाच मला
कापडातून दोरा ओढल्याचा आवाज ऐकू आला.
ईराण्णा चहा घेऊन आला
आणि उगाच हळू चालला.

चार वाजता रॅक बसला,
एकेक पाय काजातून खाली,
बाही चढवावी तसा.
मग दोन बादल्या पाणी वरून.
"साकु, साकु," मेस्त्री ओरडले,
आणि आम्ही चौघं डोकी खाली घालून आत बघत राहिलो.
तीन काजं कोरडी.
चौथं, ड्रायव्हरच्या बाजूचं, मागचं,
थांबून थांबून एक थेंब सोडत होतं.
मी अक्काकडे बघितलं.
ती सुया डबीत भरत होती.
"तिथं रताळी ठेवू नको," म्हणाली.
"जॅक ठेव."

बिल मेस्त्रींनी कन्नडात लिहिलं.
पाईप, रंग, क्लॅम्प, मजुरी.
खाली एक ओळ मला भाच्यानं वाचून दाखवली:
काज, ४.
पुढं रक्कम लिहिलीच नव्हती.

आता आठवड्यातून दोनदा चोर्ल्याचा घाट.
वळणावर वर बांबू करकरतात,
खाली कापड फुगतं, बसतं,
कडेवर दोघंही आहेत.
नाक्यावरचा पोलीस विचारतो, आत काय?
मी हूक काढून दाखवतो.
त्याचं लक्ष रताळ्यांकडे जात नाही,
तो काजात बोट घालून बघतो
आणि जा म्हणतो.

जॅकला गंज चढलाय.